चिखलात भात, वाफशावर झाड : तंजावूरच्या परसबागेतील पावसाळी पुनर्रोपण

तंजावूर : महाराष्ट्रातून पाऊस माघारी फिरतो, त्याच सुमारास तंजावूरच्या राजवाडा परिसरात झाडे लावण्याचा हंगाम सुरू होतो. कुंडीत वाढून मोठे झालेले लिंबू परसात लावायचे असते, भिंतीला चिकटून उगवलेला कढीपत्ता मोकळ्या जागी न्यायचा असतो, वाढीव बांधकामाच्या आड येणारे डाळिंब वाचवायचे असते. अशी कामे येथे आश्विन-कार्तिकातील पावसावर सोपवणे सोयीचे ठरते. पाऊस सुरू असला की झाड आपोआप रुजते, हा समज मात्र तंजावूरइतकाच पुण्या-नागपुरातही पक्का आहे आणि तो निम्माच खरा आहे. ओल्या हवेत हलवलेले झाड जगण्याची शक्यता वाढते. चिखलात लावलेले झाड मात्र भर पावसात मरते आणि मरताना ते तहानेने मरत असल्यासारखे दिसते.

हा फरक समजावून घ्यायला तंजावूरसारखी दुसरी जागा नाही. येथील शेती चिखलात रोप लावण्यावरच उभी आहे. येथील परसातील झाडाला मात्र नेमका तोच चिखल मारक ठरतो.

राजवाड्याभोवतीचे परस

तंजावूरचा राजवाडा नायक राजांच्या काळात उभा राहू लागला आणि मराठा राजांच्या काळात विस्तारला. सतराव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात व्यंकोजीराजे भोसले यांनी येथे सुरू केलेली मराठी राजवट १८५५ पर्यंत टिकली. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेले दुसरे सरफोजीराजे यांचे नाव सरस्वती महाल ग्रंथालयामुळे महाराष्ट्रातही परिचित आहे. त्यांना वनस्पती व औषधी यांचीही आस्था होती. त्यांच्या धन्वंतरी महालात औषधे सिद्ध केली जात आणि वनस्पतींची चित्रेही त्यांनी काढवून घेतली होती.

राजवाड्याच्या चारी बाजूंना राजवीथी म्हणून ओळखले जाणारे चार रस्ते आहेत. जुन्या पद्धतीचे घर रस्त्याकडे अरुंद आणि आत लांबच लांब असते. मध्ये चौक, मागे विहीर आणि तिच्यामागे परस. तमिळमध्ये या मागील मोकळ्या जागेला ‘कोल्लै’ म्हणतात. केळी, कढीपत्ता, लिंबू, शेवगा, पारिजातक, जास्वंद ही झाडे अशा परसात शोभतात आणि रोजच्या उपयोगीही पडतात. यांतील कढीपत्त्याचे तंजावूर प्रदेशाशी एक जुने नातेही आहे. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘कोएनिगी’ हे पद योहान गेरहार्ड कोएनिग या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ आहे. लिनियसचा हा शिष्य १७६८ मध्ये तरंगंबाडी येथील डॅनिश वसाहतीत आला होता आणि तरंगंबाडीची ती जागा डॅनिशांना तंजावूरच्या नायक राजाकडून मिळालेली होती.

दोन मोसम, दोन वेळापत्रके

महाराष्ट्रातील वाचकाला पहिली अडचण येते ती महिन्यांची. कोकणात, पश्चिम महाराष्ट्रात वा विदर्भात झाडे लावण्याचा काळ म्हणजे मृगाच्या सरींनंतरचे आषाढ-श्रावण. नैर्ऋत्य मोसमी वारे मुंबईत सर्वसाधारणपणे ११ जूनच्या सुमारास पोहोचतात. तंजावूर मात्र पश्चिम घाटाच्या पलीकडे, पावसाच्या सावलीत आहे. जून-जुलैत येथे वारा असतो, ढग असतात. पाऊस मात्र थोडा आणि बेभरवशाचा. येथला मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. तो साधारणतः ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत चालतो. तमिळनाडूच्या वार्षिक पावसापैकी जवळजवळ निम्मा पाऊस या तीन महिन्यांत पडतो.

तमिळ पंचांगातील ऐप्पसि व कार्त्तिगै हे त्यातील भराचे महिने. दिवसेंदिवस खंड न पडता कोसळणाऱ्या पावसाला तमिळमध्ये ‘अडैमळै’ म्हणतात. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या पट्ट्यांबरोबर हा पाऊस येतो, चार-सहा दिवस बरसतो, मग उघडीप देतो आणि पुन्हा येतो. पुनर्रोपणासाठी उपयोगाचा काळ म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच्या सुरुवातीच्या सरी आणि नंतरच्या दोन पावसांमधील उघडीप. भर अडैमळैतील दिवस त्यात मोडत नाहीत.

महिने वेगळे असले तरी नियम एकच आहे. पाऊस जमीन भिजवतो आणि हवा दमट करतो. त्यांपैकी दमट, ढगाळ हवा हा झाडाचा खरा लाभ. जमिनीतील ओल ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की तो तोटा होतो.

भात तरतो, लिंबू का मरते?

मुळासकट उपटलेल्या झाडावर नेमके काय बेतते, हे आधी पाहावे लागेल. झाड पाणी शोषते ते जाड मुळांनी नव्हे, तर त्यांच्या टोकांवरील बारीक तंतुमुळांनी. खणताना तुटतात ती मुख्यतः हीच. पाने मात्र पूर्वीइतकीच राहतात आणि बाष्प सोडत राहतात. जमा घटली आणि खर्च तोच राहिला, असा हा प्रसंग असतो. ढगाळ, दमट हवेत पानांतून बाष्प कमी जाते, म्हणजे खर्च उतरतो; तेवढ्या अवधीत नवी तंतुमुळे फुटली की झाड सावरते. पावसाळी पुनर्रोपणाचा सारा लाभ एवढ्यात सामावला आहे.

पण नवी मुळे फुटायला प्राणवायू लागतो. मुळेही श्वास घेतात. चांगल्या जमिनीत मातीच्या कणांमधील काही पोकळ्या पाण्याने आणि काही हवेने भरलेल्या असतात. पाणी साचले की सर्व पोकळ्या पाण्याने भरतात. पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी मंद गतीने पसरतो. मुळांभोवतीचा साठा लवकरच संपतो, मुळे गुदमरतात आणि पाणी शोषण्याचे काम थांबवतात. पायाशी पाणी असताना पाने माना टाकतात ती यामुळे. घरातील माणूस ते पाहून आणखी पाणी घालतो आणि उरलेली आशाही बुडवतो. गुदमरलेल्या मुळांवर पाठोपाठ फायटोफ्थोरासारख्या बुरशीसदृश जिवांचा हल्ला होतो. मूळकूज, बुंधाकूज आणि लिंबूवर्गीय झाडांवरील डिंक्या यांमागे बहुधा तेच असतात.

मग भात कसा जगतो? कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात सांबा हंगामाच्या भाताची लावणी ईशान्य मोसमाच्या तोंडावर होते. त्यासाठी शेताची चिखलणी करतात, म्हणजे मातीची घडण मुद्दाम मोडून पाणी जिरू न देणारा थर तयार करतात. भाताच्या खोडात व मुळांत हवेच्या सलग पोकळ्या असतात. पानांकडून आलेला प्राणवायू त्यांतून थेट मुळांच्या टोकापर्यंत पोहोचतो. लिंबू, डाळिंब, शेवगा, पपई यांच्याजवळ ही सोय नाही. भाताची लावणी पाहून सरावलेला हात झाडही चिखलात दाबून बसवतो, तेव्हा तो भाताचा नियम झाडाला लावत असतो.

वाफसा म्हणजे काय

यावर मराठी शेतकऱ्याकडे एक नेमका शब्द आहे : वाफसा. पावसानंतर वरचे पाणी निचरून गेले आहे, मातीत ओल आहे आणि हवाही आहे, अशी स्थिती म्हणजे वाफसा. पेरणी वाफशावर करावी, हे सर्वांस ठाऊक आहे. झाड हलवण्यालाही तोच नियम लागू पडतो.

तो ओळखण्याची रीत सोपी आहे. वीतभर खोलीवरची मूठभर माती घेऊन तिचा गोळा करावा. गोळा वळला आणि कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर फुटला, तर वाफसा आहे. गोळा पडून चपटा झाला, बोटांना चिकटला किंवा दाबताना पाणी सुटले, तर माती अजून ओली आहे. काम पुढे ढकलावे. गोळा वळलाच नाही, तर आदल्या दिवशी पाणी देऊन मग खणावे.

जागेचा निचराही आधी तपासावा. पावसाला जोर येण्यापूर्वी फूट-दीड फूट खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा. ते जिरले की पुन्हा भरावा. दुसऱ्या खेपेचे पाणी दुसऱ्या दिवशीही उभे असेल, तर त्या जागी सपाट जमिनीत झाड लावू नये.

तंजावूर शहरात ही तपासणी घरोघर वेगळे उत्तर देऊ शकते, कारण शहर दोन प्रकारच्या जमिनींच्या सीमेवर वसले आहे. उत्तरेला कावेरीच्या शाखांनी आणलेल्या गाळाचा सपाट प्रदेश. नैर्ऋत्येला वल्लमच्या बाजूस उंचावर तांबडी माती. शिवाय शतकानुशतके वस्ती असलेल्या जागी खणताना विटांचे तुकडे व चुन्याचा राडारोडा लागू शकतो. चुन्यामुळे मातीचा आम्ल-विम्ल निर्देशांक वाढतो, मुळांना लोह मिळेनासे होते आणि लिंबाची नवी पाने शिरा हिरव्या राहून पिवळी पडतात. असा राडारोडा निघाल्यास तो वेचून बाहेर टाकावा. त्याच खड्ड्यात परत लोटू नये.

झाड उचलण्याची तयारी

दोन-तीन वर्षे जमिनीत वाढलेले झाड एका दिवसात हलवू नये. हलवण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी त्याच्याभोवती वर्तुळाकार चर खणून निम्म्या बाजूची मुळे धारदार अवजाराने स्वच्छ कापावीत आणि चर सैल मातीने भरून टाकावा. तीन-चार आठवड्यांनी उरलेल्या बाजूची कापावीत. कापलेल्या टोकांजवळ नवी तंतुमुळे फुटतात आणि तीच झाडाबरोबर जातात. तंजावूरसाठी हे काम ऑगस्टमध्ये सुरू होते. महाराष्ट्रात उन्हाळी पाणी देऊन ते एप्रिल-मेमध्ये करावे लागते.

मुळांभोवती राखलेल्या मातीच्या गोळ्याला बागाईतदार ‘हुंडी’ म्हणतात. खोडाच्या जाडीच्या दहा ते बारा पट व्यासाची हुंडी घ्यावी, असा ढोबळ नियम आहे. दोन सेंटिमीटर जाडीच्या खोडाला २० ते २४ सेंटिमीटर व्यासाची हुंडी पुरते. तिचे वजन १५ किलोच्या आसपास भरते. खोड साडेतीन-चार सेंटिमीटरचे झाले की हुंडी ४० सेंटिमीटर व्यासाची आणि ३० सेंटिमीटर खोलीची लागते. एवढी ओली माती ६५ किलोच्या पुढे जाते. घरच्या दोन माणसांनी हलवायच्या झाडाची मर्यादा येथेच संपते. त्याहून मोठे झाड हलवण्यापेक्षा त्याचे गुटी कलम बांधून किंवा बियांपासून नवे रोप तयार करणे शहाणपणाचे.

हुंडी गोणपाटात गुंडाळून सुतळीने बांधावी. झाड उचलताना हात हुंडीखाली असावा. खोड धरून उचलल्यास मातीच्या वजनाने उरलीसुरली तंतुमुळे तुटतात. उचलण्याआधी झाडाच्या उत्तरेकडील फांदीला दोरा बांधून ठेवावा आणि नव्या जागी ती फांदी पुन्हा उत्तरेलाच येईल असे पाहावे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तील वृक्षायुर्वेदाच्या प्रकरणात झाड मूळच्या दिशेतच लावावे, असा निर्देश आहे. सावलीत वाढलेली साल एकाएकी दक्षिण-पश्चिमेच्या उन्हासमोर आली, तर ती भाजून तडकते. दिशा राखल्याने हा धोका टळतो.

पिशवीतील रोप आणले असेल, तर पिशवी पूर्ण फाडून काढावी. मुळे तळाशी गोल वेटोळी झाली असतील, तर ती सोडवावीत किंवा उभे दोन-तीन छेद द्यावेत. तसेच लावल्यास ती वेटोळी वाढत राहतात आणि काही वर्षांनी झाड स्वतःच्याच मुळांनी आवळले जाते.

खड्डा नव्हे, उंचवटा

आंब्यासाठी एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तो शेणखत व पोयट्याने भरावा, ही शिफारस महाराष्ट्रात रूढ आहे. निचऱ्याच्या जमिनीत, विशेषतः कोकणातील जांभ्यात, ती उपयोगी ठरते. चिकण गाळात तोच खड्डा हौद होतो. भोवतालच्या घट्ट मातीतून पाणी जिरत नाही. भुसभुशीत भरावात मात्र ते सहज उतरते आणि तळाशी साचते. ओल्या चिकणमातीत फावडे चालवल्यास खड्ड्याच्या कडा घोटून गुळगुळीत होतात, घड्याच्या आतल्या बाजूसारख्या. मुळांनाही त्या भेदता येत नाहीत.

म्हणून अशा जमिनीत खड्डा रुंद व उथळ ठेवावा : हुंडीच्या दोन-तीन पट रुंद, पण हुंडीच्या उंचीपेक्षा खोल नाही. कडा पहारीने वा हातखुरप्याने खरवडून खडबडीत कराव्यात. भरावासाठी शक्यतो तीच माती वापरावी. कुजलेले शेणखत तळाशी न घालता वर पसरावे. निचरा मंद असेल, तर जमिनीवर सुमारे मीटरभर रुंद आणि वीत ते फूटभर उंच मातीचा उंचवटा करून झाड त्यावर लावावे. पावसाळ्यात आळे झाडाच्या बुंध्याशी खोलगट नसावे. बुंध्याजवळ माती उंच आणि बाहेर उतार, म्हणजे पाणी लांब जाते. पाऊस संपल्यावर, जानेवारीत, बाहेरच्या कडेने आळे बांधता येते.

झाड पूर्वी ज्या खोलीवर होते, त्याहून खोल जाऊ नये. खोडाचा मुळांकडे फुगणारा भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. कलम असेल, तर कलमाचा जोड मातीपासून वीतभर वर हवा. जोड मातीत गेल्यास तेथून कूज शिरते. माती पायाने तुडवू नये. हाताने हलके दाबून, एकदा पाणी देऊन तिला आपसूक बसू द्यावे.

परसातील पाणी कोठे जाते, हाही प्रश्न यातच येतो. सेवप्पनायकन तलाव, शिवगंगा तलाव व राजवाड्याजवळील अय्यनकुळम ही तळी जमिनीखालील जलमार्गांनी जोडून पावसाचे पाणी साठवण्याची व्यवस्था या शहरात जुन्या काळी होती. परसाचा उतार आणि गटार मोकळे नसेल, तर उंचवट्यावर लावलेले झाडही पाण्यात उभे राहते.

झाडागणिक स्वभाव

सर्व झाडे पुनर्रोपण सारखे सोसत नाहीत. तगर, जास्वंद, पारिजातक ही सोशिक. जास्वंद व तगर तर पावसाळी फांदीपासूनही सहज लागतात. डाळिंब व पेरू लहान असतील तोवर चांगले हलतात. लिंबू हलते, पण पाणी साचणे सोसत नाही. त्याला उंचवटा द्यावा आणि खोडाला फूट-दीड फुटापर्यंत बोर्डो मलम लावावा. कढीपत्त्याचे सोटमूळ खोल जाते आणि ते तुटले की मोठे झाड दगावते. मूळ झाडाभोवती उगवलेला लहान फुटवा मुळासकट घेणे बरे. शेवग्याची फांदी लावायची असेल, तर कापलेले टोक दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यावे, अन्यथा ते ओल्या मातीत सडते. पपई हलवूच नये. तिला दोन-तीन दिवसांचे साचलेले पाणीही पुरे होते. नव्या बियांनी ती पुन्हा मिळते.

जुन्या घरांच्या भोवती आणखी एक पथ्य आहे. वड, पिंपळ, उंबर यांची रोपे विटा-चुन्याच्या भेगांत रुजतात. ती वाचवायची असल्यास लहान असतानाच काढून मोकळ्या मैदानात लावावीत, परसात नव्हे. वाढत जाणाऱ्या कोणत्याही झाडाला भिंत, विहीर व मलवाहिनी यांपासून अंतर लागते. ‘बृहत्संहिते’त दोन झाडांमधील उत्तम अंतर वीस हात आणि किमान बारा हात सांगितले आहे. आजच्या परसात तेवढी जागा क्वचितच असते; त्याचा अर्थ एवढाच, की तेथे लहान झाडेच लावावीत.

वादळाचा हिशेब

तंजावूरच्या पावसात वाराही असतो. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गजा’ चक्रीवादळ नागपट्टिनम व वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले आणि तंजावूर जिल्ह्यासह त्रिभुज प्रदेशातील नारळाच्या बागा उन्मळून पडल्या. ती मुरलेली झाडे होती. नुकत्याच लावलेल्या झाडाला तर जमिनीने अजून धरलेलेही नसते.

हवामान विभागाने नारिंगी वा तांबडा इशारा दिला असेल, तर झाड हलवण्याचे काम थांबवावे. लावलेल्या झाडाला दोन बाजूंनी दोन काठ्या हुंडीच्या बाहेर रोवाव्यात आणि कापडी पट्टीने इंग्रजी आठाच्या आकारात सैल बांधावे. बांधणी खोडाच्या खालच्या निम्म्यात असावी. खोड थोडे हलले पाहिजे. त्या हलण्यानेच ते जाड होते आणि मुळे पसरतात. तारेने घट्ट आवळलेले झाड वादळात बांधल्या जागीच मोडते. आधार वर्षभरात काढून घ्यावा.

लावल्यानंतरचे शंभर दिवस

लावणी संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी करावी. मोडलेल्या फांद्या काढाव्यात. फार मुळे तुटली असतील, तर पाने थोडी विरळ करावीत. खोडापासून चार बोटे अंतर सोडून वाळलेल्या पानांचे आच्छादन पसरावे. पहिले दोन महिने रासायनिक खत देऊ नये; मुळेच नसताना दिलेले खत झाडाला न लागता पाण्याबरोबर वाहून जाते.

पाण्याबाबतचा जुना नियम आजही तसाच लागू आहे. लावलेल्या झाडांना उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, थंडीत दिवसाआड आणि पावसाळ्यात जमीन सुकेल तेव्हाच पाणी द्यावे, असे वराहमिहिराने नोंदवले आहे. त्यातील शेवटचा भाग विसरला जातो. पाने मलूल दिसली, तर झारी उचलण्यापूर्वी बोट मातीत खुपसून पाहावे. माती कोरडी असेल तर पाणी. ओली असेल तर चर काढून निचरा.

तंजावूरमधील खरी परीक्षा पावसानंतर, जानेवारीत येते. डिसेंबरात आभाळ मोकळे झाले, की पौषापासून ऊन चढू लागते आणि वैशाखापर्यंत ते वाढतच जाते. महाराष्ट्रात आषाढात लावलेल्या झाडाला उन्हाळ्यापूर्वी आठ-नऊ महिने मिळतात. ऑक्टोबरात लावलेल्या तंजावूरच्या झाडाला जेमतेम चार-पाच. म्हणूनच येथे पहिल्या सरींचा मुहूर्त साधणे अधिक महत्त्वाचे. पहिल्या उन्हाळ्यात त्याला शेडनेटची वा जुन्या धोतराची सावली आणि आठवड्यातून दोनदा खोल पाणी द्यावे.

विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या जमिनीचा स्वभाव या गाळाच्या जमिनीशी बराच जुळतो. तेथेही झड लागली असताना खणलेला खड्डा हौदच होतो. कोकणातील जांभ्यात पाणी साचण्याची चिंता कमी. पाऊस थांबल्यावर ओल टिकवण्याची अधिक. महिना आणि माती बदलली, तरी मुठीतला मातीचा गोळा सर्वत्र तेच सांगतो. तो फुटेपर्यंत थांबण्यात दोन-तीन दिवस जातील. न थांबल्यास अनेक वर्षे वाढवलेले झाड जाईल.